"जमेल की!" म्हटल्याने खरंच जमतं का? शाळेतले तुमचे अनुभव सांगा

काल लेकीने गणिताची वही आपटली. "मी ढ आहे." मी सवयीने म्हटलं, "असं बोलू नये, सकारात्मक विचार कर." त्यावर ती म्हणाली, "विचार करून समीकरण सुटतं?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून हा धागा. उपदेश नको, स्वतःचं घडलेलं लिहा.

---

सातवीत बीजगणिताच्या चाचणीत मला २५ पैकी ६ मिळाले होते. बाई रागावल्या नाहीत. "कुठे चुकलं ते मला येऊन दाखव," एवढंच म्हणाल्या. मधल्या सुट्टीत आम्ही एकेक उदाहरण पाहिलं. बहुतेक ठिकाणी कंस सोडवताना मी चिन्ह बदलायला विसरले होते. बाई म्हणाल्या, "म्हणजे गणित येतंय तुला, उणे चिन्ह तेवढं नडतंय." मला रडूच आलं. वर्षभर मी स्वतःला मठ्ठ समजत होते आणि दोष निघाला एका आडव्या रेघेचा! पुढे गणितात पहिली वगैरे आले नाही, पण तास सुरू झाला की पोटात गोळा यायचा, तो थांबला.

---

मी याच्या उलट. "पेपर सोपाच जाणार" असं रोज आरशात बघून म्हणायचो. अभ्यासाला बसायचं राहूनच गेलं. निकाल सांगत नाही.

---

वरचं वाचून हसू आलं, पण यावर संशोधन आहे. गॅब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंना असं आढळलं, की यशाच्या नुसत्या गोड कल्पनेत रमणाऱ्यांचा प्रयत्नांचा जोर उलट कमी पडतो. म्हणून त्या इच्छेसोबत वाटेतला अडथळाही डोळ्यांसमोर आणायला सांगतात.

मी शिक्षक आहे. वर्गात मागे बसून कोरी वही पुढे करणारी मुलं आळशी असतात असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७ च्या प्रयोगाबद्दल वाचलं. काहीही केलं तरी विजेचा धक्का टळत नाही, असा अनुभव घेतलेले बरेच कुत्रे, पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही हलले नाहीत. (प्रयोग क्रूरच होता, त्याचं समर्थन नाही.) कोरी वही मला तेव्हा उलगडली. आता अशा मुलाला मी पहिल्यांदा त्याला नक्की सुटेल असंच उदाहरण देतो. "तू हुशार आहेस" हे त्याला पटत नाही, पण स्वतः सोडवलेलं उदाहरण समोर दिसत असतं. ते कसं नाकारणार?

---

मला परीक्षेची भीती होती. हात घामाने ओले, उत्तरपत्रिकेवर डाग. "घाबरू नकोस" ऐकलं की आणखी घाबरायचे. ताईने सुचवलं, पेपरला जायच्या आधी जी भीती वाटतेय ती कागदावर उतरव आणि फाडून टाक. वेड्यासारखं वाटलं, पण डोकं रिकामं व्हायचं. २०११ मध्ये हेरार्डो रामिरेझ आणि शान बायलॉक या मानसशास्त्रज्ञांनी परीक्षेआधी १० मिनिटं असं लिहून घेतलं, तेव्हा घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारले, हे मला फार नंतर कळलं.

---

थोडं वेगळं लिहिते. आठवीत असताना बाबा गेले. सगळे सांगायचे, "धीट राहा, चांगलं तेच बघ." मी बघत होते, चांगलं काही दिसत नव्हतं. एका सरांनी मात्र विचारलं, "झोप लागते का गं?" नाही म्हटलं. त्यांनी महिनाभर माझा गृहपाठ तपासला नाही, पण रोज एक ओळ लिहून मागितली, काहीही. एके दिवशी मी लिहिलं, "आज भूक लागली." सरांनी खाली बरोबरची खूण केली. ती वही अजून आहे माझ्याकडे.

---

धागाकर्ती पुन्हा. सातवीच्या चाचणीचा किस्सा लेकीला वाचून दाखवला. तिने वही उघडून चुका मोजल्या. सहापैकी चार चिन्हाच्या. उरलेल्या दोन मलाही कळल्या नाहीत. "उद्या बाईंना विचारते," म्हणाली आणि झोपायला गेली.