शब्दचर्चा: ‘कार्योत्तर मान्यता’ आणि ‘इतिवृत्त कायम करणे’

शंकेखोर:
माझी बहीण एका विद्यापीठात शिकवते. दुसरीकडे निवड झाल्यावर इथली जागा वर्षभर राखून ठेवावी म्हणून तिने अर्ज केला, कुलगुरूंनी होकार दिला आणि गेल्या महिन्यात ती तिकडे रुजूही झाली. काल व्यवस्थापन परिषदेच्या सभेचा कागद हाती आला. त्यात लिहिलंय: ‘धारणाधिकार एक वर्षासाठी राखून ठेवण्याच्या मा. कुलगुरू यांच्या निर्णयास कार्योत्तर मान्यता देण्यात आली.’ आईने दोनदा वाचलं आणि विचारलं, “कार्याचं उत्तर म्हणजे काय? हो म्हणालेत की नाही?” मलाही धड सांगता आलं नाही. शिवाय कागदाची पहिलीच ओळ ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यात आले’. म्हणजे एरवी ते तात्पुरतं असतं का?

दप्तरदार:
आईंना सांगा, हो म्हणालेत. विद्यापीठाच्या सभा व दप्तर विभागात उमेद गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथलं ‘उत्तर’ प्रश्नाचं नव्हे. उत्तर म्हणजे नंतरचं. मरणोत्तर पुरस्कार, स्वातंत्र्योत्तर काळ, पदव्युत्तर वर्ग, तसंच कार्योत्तर: काम आधी उरकलं, मान्यता मागून आली. फसवतो तो ‘प्रश्नोत्तर’, कारण तिथे उत्तर खरंच उत्तर असतं. परिषदेची सभा रोज भरत नाही. कोणाला सोमवारी कार्यमुक्त करायचं असतं, कुठे परीक्षेच्या कागदाची खरेदी अडलेली असते. अशा वेळी कुलगुरू निर्णय घेतात आणि विषय पुढच्या सभेपुढे येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये तातडीच्या प्रसंगासाठी कलम १२(७) आहे. आमच्याकडे तो आकडा कारकुनापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी. “बारा-सात खाली घ्या” म्हटलं की फाइल हलायची.

‘धारणाधिकार’ म्हणजे मूळ पदावरचा हक्क. बोलताना सगळे ‘लीन’च म्हणतात.

शंकेखोर:
आता आई जास्तच घाबरली. परिषद नाही म्हणाली असती तर? कार्योत्तर अमान्यता असते का?

दप्तरदार:
शब्द म्हणून असू शकेल, मी इतिवृत्तात कधी लिहिलेला नाही. बारा-सातखाली घेतलेला निर्णय असेल, तर कुलगुरूंनी कारणं लेखी कळवायची असतात. परिषदेचं त्यांच्याशी पटलं नाही तर प्रकरण कुलपतींकडे, म्हणजे राज्यपालांकडे जातं आणि त्यांचा शब्द शेवटचा. एका बाईंच्या लीनसाठी राज्यपालांपर्यंत कोणी जात नाही हो. हे नेहमीचे विषय. परिवीक्षा कालावधी, म्हणजे प्रोबेशन, संपला, रजा मंजूर, समितीवर सदस्य नेमला, निविदा स्वीकारली. तीस-चाळीस विषय चहा निवायच्या आत होतात.

आता ‘कायम’. हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, मूळ अर्थ उभा असलेला, टिकून असलेला. ‘उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली’ म्हणतो तेव्हा जन्मठेप दिली असं कोणी समजत नाही, खालच्या कोर्टाचं म्हणणं टिकलं एवढंच. इतिवृत्ताचंही तेच. मागच्या सभेत जे घडलं ते बरोबर उतरलंय, एवढीच ग्वाही. ग्रामसभेच्या आणि गृहनिर्माण संस्थेच्या विषयपत्रिकेतही पहिला विषय हाच असतो. तेवढ्यात कोणी उठून जुना ठराव उकरू लागला की अध्यक्ष म्हणतात, “शब्दांत चूक असेल तर सांगा, निर्णयात नव्हे.”

विनाअनुदानित:
‘कायम’ हा शब्द आम्हा शिक्षकांना नका शिकवू! २००१ पासून ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे सरकारी अनुदान कधीच मिळणार नाही, या तत्त्वावर शाळा-महाविद्यालयं दिली. शाळांच्या बाबतीत तो ‘कायम’ २००९ साली काढला, तोवर किती मोर्चे निघाले. एक विशेषण गेलं आणि पगाराची आशा तरी आली. मी स्वतः ‘सेवेत कायम’ होण्याची वाट पाहतोय, ते वेगळंच.

व्याकरणवेडा:
इतिवृत्त की इतिवृत्तान्त? आमच्या सोसायटीच्या फळ्यावर ‘इतिवृतांत’ लिहिलंय, ते वाचून दात आंबतात.

दप्तरदार:
दोन्ही चालतात, पण ‘वृत्त’मधला त जोडून हवा. सरकारी लेखनात इतिवृत्त रुळलंय. बोलताना मिनिट्स. “मिनिट्स सहीला गेले का?” हे वाक्य मी हजारदा तरी ऐकलं असेल, “इतिवृत्त सहीला गेलं का?” एकदाही नाही. जाता जाता सांगतो, भरताच्या नाट्यशास्त्रात इतिवृत्त म्हणजे नाटकाचं कथानक, नाट्याचं शरीर. आमच्याकडे नाट्य सभागृहातच संपायचं. दोन सदस्य अर्धा तास हमरीतुमरीवर आले तरी कागदावर उतरायचं ‘सविस्तर चर्चेअंती’.

म्हणून खरं वाचायचं ते क्रियापद. ‘मान्यता देण्यात आली’ म्हणजे काम झालं. ‘तत्त्वतः मान्यता’ म्हणजे हो, पण पैसे मागू नका. ‘नोंद घेण्यात आली’ म्हणजे ऐकलं, पुढे काही नाही. कित्येक जण ‘नोंद घेतली’ला ‘दखल घेतली’ समजून पेढे वाटतात. दखल घेतली तर कोणीतरी हालचाल करतं. नोंद घेतली तर पेन हलतो तेवढाच.

वऱ्हाडी ठेचा:
अन् ‘निर्लेखन’? आमच्या कॉलेजात जुने संगणक ‘निर्लेखित’ केले असं पत्र आलं. मी समजलो हार्ड डिस्कवरचं सगळं पुसलं!

दप्तरदार:
हसू नका, हा प्रश्न प्राध्यापकांनीही विचारलाय. निर्लेखन म्हणजे जडसंग्रह नोंदवहीतून, म्हणजे टिकाऊ सामानाच्या ‘डेड स्टॉक’ वहीतून, वस्तू कमी करणं. नोंदीतून उतरली की मग लिलाव, भंगार. बँकांतही हाच शब्द. कर्ज निर्लेखित केलं म्हणजे माफ केलं नव्हे, वसुली चालूच राहते. बातम्यांत दोन्ही एकच धरतात आणि मग भांडणं होतात. मला विचाराल तर ‘नोंदीतून काढणे’ लिहिलं असतं, कोणाचं काही बिघडलं नसतं. कार्योत्तरला मात्र मी हात लावणार नाही. ‘नंतर दिलेली मान्यता’ म्हटलं की कशाच्या नंतर, हा प्रश्न उरतो. कार्योत्तरमध्ये ते आत बसलंय.

शंकेखोर:
आईला वाचून दाखवलं, आता निवांत आहे. एक शेवटची शंका. बहिणीचा विषय छापील यादीत नव्हता, खाली ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यात होता. हे ‘ऐनवेळी’ हवं ना?

व्याकरणवेडा:
ऐनवेळीच. ऐन म्हणजे नेमका, ऐन उन्हाळ्यात, ऐन तारुण्यात. आयता म्हणजे दुसऱ्याने तयार करून ठेवलेला, आयत्या बिळावरचा नागोबा. वेळ आयती कशी असेल?

दप्तरदार:
तर्क चोख आहे, पण विषयपत्रिकेत दोन्ही छापलेले पाहिलेत आणि आयत्या वेळचे जास्त. रुळलेलं मी खोडत नाही. सदस्यांचा खरा आक्षेप वेगळाच असायचा: टिपणी आधी मिळत नाही, सभेतच समोर येते आणि पाच मिनिटांत हात वर करायचा. त्यांच्या दृष्टीने विषय आयताच की.

शंकेखोर:
आई म्हणते आयत्या वेळीच. जेवायच्या वक्ताला पाहुणे आले की पिठल्याचं आधण ठेवताना ती हाच शब्द काढते.