४८६ वर लिनक्स हाताने टाकायचंय: फ्लॉपी वाचत नाही, सीडी ड्राइव्हच नाही

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी, बाबांचा १९९५ चा असेंबल्ड पीसी माळ्यावरून खाली काढलाय. ४८६ डीएक्स२-६६, ८ एमबी रॅम, ४२० एमबी हार्डडिस्क, डॉस ६.२२ आणि त्यावर विंडोज ३.१. ब्लोअरने धूळ काढून लावला तर चक्क चालू झाला, मेमरी मोजली, बीप दिला, सीमॉसची (तारीख आणि सेटिंग जपणारी चिप) तक्रार करून एफ१ दाबायला लावलं आणि थेट सी प्रॉम्प्टवर आला. घरात सगळे गोळा झाले बघायला.

आता मला त्यावर लिनक्स टाकायचंय. डेस्कटॉप वगैरे नको, काळ्या स्क्रीनवर व्हीआय (एडिटर), जीसीसी (कंपायलर) आणि जमलं तर नेटवर्क एवढं पुरे. मुलगी नववीत आहे, तिला दाखवायचंय की ८ एमबीत अख्खी सिस्टिम कशी उभी राहते. अडचण अशी की फ्लॉपी ड्राइव्ह काहीच वाचत नाही (डबाभर फ्लॉप्यांना बुरशी आलीय ते वेगळंच), सीडी ड्राइव्ह नाही, यूएसबीचा तर प्रश्नच नाही. ऑफिसातला एकजण म्हणाला डेबियन १२ ची ३२ बिट टाक. चालेल का? आणि डिस्कवर बाबांची बरीच पत्रं आणि सोसायटीचे हिशोब आहेत, ते जाता कामा नयेत. माझ्याकडे लिनक्सवाला लॅपटॉप आहे आणि टर्मिनलची भीती नाही.

लोडलिन_काका

डेबियन १२ विसरा. त्यांचं ३२ बिट म्हणजे कमीत कमी आय६८६, म्हणजे पेंटियम प्रोच्या पुढचं, ४८६ वर ते उठणारच नाही, आणि ८ एमबीत तर त्याचा इन्स्टॉलरसुद्धा मावायचा नाही.

लिनक्सच्या आधी दोन कामं करा. एक, मदरबोर्डवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळी किंवा हिरवी, बोटाच्या पेराएवढी गोल बॅटरी आहे का बघा. ती ३.६ व्होल्टची निकेल कॅडमियम असते, सीमॉसची तक्रार तिच्यामुळेच येतेय. ती नुसती मेली असेल तर ठीक, पण फुटून हिरवा थर पसरला असेल तर तो बोर्डाचे ट्रॅक खात खात पुढे जातो, आज चालू असलेलं मशीन पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहील याची खात्री नाही. कापून काढा, तिथे कापसाने थोडं व्हिनेगर लावा (सांडलेलं अल्कली असतं म्हणून), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. बोर्ड बाहेर काढलात तर पॉवर सप्लायचे दोन कनेक्टर परत लावताना काळ्या वायरी मधोमध, एकमेकींच्या शेजारी. उलटं लागलं तर बोर्ड जळतो.

दोन, बाबांच्या डिस्कची इमेज. आयडीई टू यूएसबी अडॅप्टर (जुन्या डिस्कची केबल यूएसबीला जोडणारा) मिळतो, त्याने लॅपटॉपला जोडून डीडीरेस्क्यू या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने अख्खी डिस्क एका फाइलमध्ये उतरवून घ्या. काही जुन्या डिस्कना फक्त सिलिंडर-हेड-सेक्टरची भाषा कळते, एलबीए (सेक्टरना सरळ क्रमाने नंबर देणं) कळत नाही, तिथे हे अडॅप्टर हात टेकतात. तसं झालं तर घाबरू नका, लिनक्स उठल्यावर ४८६ वरूनच इमेज घेता येईल. पण तोवर सी ड्राइव्हवर एक बाइटसुद्धा लिहायची नाही.

मग इन्स्टॉल कुठे करायचं? तर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डवर. सीएफ कार्ड मुळातच आयडीई बोलतं, मधला अडॅप्टर म्हणजे नुसत्या पिना जुळवणं, त्यावर डोकं असं काही नसतं. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळून जातो. २ जीबीचं कार्ड घ्या, अडॅप्टरचा जंपर स्लेव्हवर ठेवा आणि डिस्कच्याच केबलवर लावा. डिस्कच्या जंपरलाही 'सिंगल' आणि 'मास्टर विथ स्लेव्ह' असे वेगळे पर्याय असू शकतात, वरच्या लेबलवर आकृती असते.

बायोस (मशीन चालू होताना बोर्डवर आधी चालणारा प्रोग्राम) ते कार्ड ५०४ एमबीचंच दाखवेल. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, त्यापुढे त्या काळच्या बायोसला मोजता येत नाही. दाखवू दे. डॉसच्या एफडिस्कने कार्डावर (दुसरी डिस्क निवडून, हे तीनदा बघा) सुरुवातीलाच १६ एमबीचं पार्टिशन करा, फॉरमॅट करा, ते डी ड्राइव्ह म्हणून दिसेल. पुढचं सगळं लॅपटॉपवर, कार्ड रीडर लावून: उरलेल्या जागेत एक मोठं ईएक्सटी२ (लिनक्सची फाइलसिस्टिम) पार्टिशन आणि ३२ एमबी स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा). लिनक्स एकदा चालू झाला की डिस्कसाठी बायोसला विचारत नाही, त्यामुळे ५०४ च्या पलीकडची जागा त्याला दिसते.

डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) म्हणाल तर स्लॅकवेअर ३.९, १९९९ चं, कर्नल (लिनक्सचा गाभा) २.० मालिकेतला. मिररवर जुन्या आवृत्त्या अजून जशाच्या तशा ठेवल्यात. इन्स्टॉलर लागतच नाही, कारण स्लॅकवेअरचं पॅकेज म्हणजे साधी टार-जीझिप फाइल. रूट होऊन कार्डाच्या पार्टिशनमध्ये जायचं आणि 'ए' मालिकेतली (मूळ सिस्टिमची) पॅकेजेस एकेक करून तिथे उलगडायची. फक्त एक लक्षात ठेवा, या पॅकेजमध्ये सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नावं) नसतात! ते बनवायच्या आज्ञा इन्स्टॉल नावाच्या फोल्डरमधल्या डूइन्स्ट.एसएच या स्क्रिप्टमध्ये असतात. म्हणून प्रत्येक पॅकेज उलगडलं की तिथेच उभं राहून ती स्क्रिप्ट चालवायची, मग इन्स्टॉल फोल्डर उडवायचं, मगच पुढचं पॅकेज. सगळी एकदम उलगडली तर एकाची स्क्रिप्ट दुसऱ्याच्या स्क्रिप्टवर बसते, लिबसीचा (सगळ्या प्रोग्रामना लागणारी सी लायब्ररी) सिमलिंक बनत नाही, आणि मग इनिट (कर्नल सुरू करतो तो पहिला प्रोग्राम) समोर असूनही कर्नल म्हणतो इनिट सापडत नाही.

एफएसटॅब (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) हाताने लिहा: रूट, स्वॅप आणि प्रॉक, तीन ओळी.

बूट करायला लिलो (लिनक्सचा त्या काळचा बूटलोडर) नको. लॅपटॉपच्या रीडरला कार्डाची भूमिती वेगळी दिसते, ४८६ ला वेगळी, त्यामुळे लिलो नुसतं 'एल आय' एवढी दोन अक्षरं छापून थिजतो. त्यापेक्षा लोडलिन. हा डॉसचा प्रोग्राम, कर्नल मेमरीत आणतो आणि डॉसला बाजूला सारून त्याला चालू करतो. लोडलिन आणि बेअर.आय मधला कर्नल (आयडीईवाला) डी ड्राइव्हवर ठेवा. मशीन चालू करताना 'स्टार्टिंग एमएस-डॉस' दिसलं की एफ५ दाबा, म्हणजे कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक दोन्ही वगळले जातात आणि ईएमएम३८६ (डॉसचा मेमरी मॅनेजर) मध्ये येत नाही. मग डी वर जाऊन: लोडलिन, कर्नलचं नाव, रूट=/डेव/एचडीबी२ आरओ (एचडीबी म्हणजे स्लेव्हवरचं कार्ड, २ म्हणजे त्याचं दुसरं पार्टिशन). बाबांच्या डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही.

बिट_पनवेल

काकांची पद्धत चालेलच, पण माझं मत थोडं वेगळं आहे. १९९९ चं तयार सामान उलगडण्यापेक्षा स्वतःचा कर्नल बांध ना भावा, बिल्डरूट (छोटी लिनक्स सिस्टिम बांधायचं साधन) घे, टार्गेट आय४८६ ठेव, मसल लिबसी (छोटी सी लायब्ररी) आणि बिझीबॉक्स (रोजच्या आज्ञा एकाच प्रोग्राममध्ये), सगळं लॅपटॉपवर कंपाइल होतं, आणि मुलीला दाखवायचंच असेल तर कर्नलच्या मेनूत एकेक गोष्ट बंद करत कर्नल बारीक होताना बघण्यात जास्त मजा आहे. ३८६ चा सपोर्ट कर्नल ३.८ मध्ये, २०१३ ला गेला, आणि ४८६ काढायचे पॅच २०२५ मध्ये आले, म्हणजे जे करायचं ते आत्ताच करण्यासारखं आहे. ८ एमबीत मात्र आजचा कर्नल बसवणं अवघड, रॅम ३२ कर. बोर्डवर ७२ पिनांचे सिम (रॅमच्या पट्ट्या) असतील तर एक लावला तरी चालतो, ३० पिनांचे असतील तर चार-चारच्या गटात लावावे लागतात.

लोडलिन_काका

पनवेलकर, तुमचं म्हणणं पटतं, पण त्यांना मशीनवरच जीसीसी हवंय. बिल्डरूट टार्गेटसाठी कंपायलर देत नाही. स्लॅकवेअरची 'डी' मालिका (कंपायलर वगैरेची) उलगडली की काम झालं. ६६ मेगाहर्ट्झवर कर्नल कंपाइल करायचा तर रात्री लावून झोपायचं, पण छोटे प्रोग्राम आरामात होतात. आधी हे उभं राहू दे, रॅम मिळाली की तुमचा प्रयोग त्याच कार्डावर वेगळ्या पार्टिशनमध्ये.

कृष्णाकाठ_सांगली

काका, मनापासून धन्यवाद. बॅटरी कापली, थर अगदी थोडा होता, ट्रॅक शाबूत आहेत. डिस्क अडॅप्टरवर ओळखली गेली आणि इमेज एकही सेक्टर न गमावता उतरली! बाबांची पत्रं लॅपटॉपवर दिसतायत पण मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं.

लोडलिन चालला, कर्नल आला, ३३ च्या आसपास बोगोमिप्स (कर्नलने काढलेला वेगाचा ढोबळ आकडा) दाखवले, एचडीए आणि एचडीबी दोन्ही नावानिशी दिसले. मग शेवटी:

कर्नल पॅनिक: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन ०३:४२

कार्ड खराब निघालं की काय? लॅपटॉपवर तर व्यवस्थित माउंट होतं.

बिट_पनवेल

कार्ड ठणठणीत आहे. तो आकडा वाच, सगळं त्यातच आहे. ०३ म्हणजे पहिल्या आयडीई चॅनेलचा मेजर नंबर. ४२ हेक्समध्ये आहे, म्हणजे ६६. एचडीबी ६४ पासून सुरू होतो, म्हणून ६६ म्हणजे एचडीबी२. म्हणजे कर्नल बरोबर दारात पोचलाय, आतलं त्याला वाचता येत नाहीये. पॅनिकच्या वरच्या ओळीत 'अनसपोर्टेड ऑप्शनल फीचर्स' असं असणार, बघ.

आजचा एमकेई२एफएस (फॉरमॅट करणारा प्रोग्राम) साधं ईएक्सटी२ सांगितलं तरी फाइलटाइप नावाचं फीचर चालू करतो. २.० कर्नलला ते माहीत नाही, आणि हे फीचर अशा प्रकारचं आहे की माहीत नसेल तर माउंट करायचंच नाही असा नियम आहे. शिवाय आयनोड (प्रत्येक फाइलच्या नोंदी) २५६ बाइटचे करतो, जुन्याला १२८ चे लागतात. पार्टिशन परत फॉरमॅट कर, कॅपिटल ओ पुढे नन आणि कॅपिटल आय पुढे १२८ देऊन. छोटा ओ आणि मोठा ओ वेगळे आहेत, सांभाळ. मग पॅकेजेस परत उलगड, स्क्रिप्टमध्ये घालून ठेव म्हणजे एका दमात होतं.

गोदाकाठची_अनुराधा

दादा, पत्रांबद्दल सांगते, तेच माझं रोजचं काम आहे. विंडोज ३.१ वर युनिकोड मराठी नव्हतंच. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवायचे, कुठे काना, कुठे अर्धा र, आणि प्रत्येक कंपनीची जुळणी वेगळी. म्हणजे फाइल आहे पण फॉन्ट गेला तर उरते ती नुसती चिन्हं. इमेजमधून विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमधल्या सगळ्या टीटीएफ (फॉन्टच्या) फाइल आत्ताच वेगळ्या काढून ठेवा, पत्रांच्या फोल्डरमध्येच ठेवा. तो फॉन्ट लॅपटॉपवर टाकून पत्र उघडलंत तर बरंचसं लगेच वाचता येईल. फॉन्टचं नाव कळलं की कन्व्हर्टर शोधता येतो, नाही मिळाला तर अक्षरांचा तक्ता हाताने बनवता येतो, मी मदत करेन. रूपांतर करताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

आणि ४८६ च्या काळ्या स्क्रीनवर मराठी दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. व्हीजीए टेक्स्ट मोडमध्ये फार तर ५१२ आकार बसतात आणि जोडाक्षरं जुळवणारं तिथे कुणी नाही.

कृष्णाकाठ_सांगली

लॉगिन आलं!! पनवेलकर, तुम्ही सांगितलेलीच ओळ होती वर. मुलीने व्हीआयमध्ये पहिला सी प्रोग्राम लिहिला, कंपाइल व्हायला लागतात ते काही सेकंद ती स्क्रीनकडे टक लावून बघत होती. अनुराधाताई, फॉन्ट सापडले, आईला दोन पत्रं वाचून दाखवली. बाकीच्यांसाठी तुम्हाला निरोप टाकतो.

आता शेवटचं, एक आयएसए (जुन्या प्रकारच्या स्लॉटचं) नेटवर्क कार्ड मिळालंय, एनई२००० क्लोन. कर्नलला दिसतच नाही. आणि तारीख दर वेळी हाताने टाकावी लागतेय.

लोडलिन_काका

आयएसए कार्ड आपणहून ओळख देत नाही, तुम्हालाच सांगावं लागतं. एनई मॉड्यूल (कार्डाचा ड्रायव्हर) लोड करताना आयओ पत्ता ३०० हेक्स आणि आयआरक्यू (इंटरप्ट नंबर) १० देऊन बघा, नाही लागलं तर ३२० किंवा ३४० आणि आयआरक्यू ५. कार्डावर जंपर असतील तर त्यांच्या शेजारी बारीक अक्षरात छापलेलं असतं. ३ आणि ४ सिरियल पोर्टचे, ते घेऊ नका.

लॅपटॉपशी फाइलींची देवाणघेवाण एफटीपीने करा. एवढ्या जुन्या सिस्टिमचं आजच्या एसएसएचशी जुळत नाही. म्हणूनच हे मशीन घरच्या नेटवर्कपुरतंच, बाहेर इंटरनेटवर उघडं सोडू नका.

तारखेसाठी बोर्डवर चार पिनांचा बाहेरच्या बॅटरीचा जंपर असतो, तिथे सेलचा होल्डर जोडता येतो. रिचार्ज न होणारे सेल लावलेत तर मध्ये डायोड हवाच, बोर्डाच्या चार्जिंग सर्किटचा करंट सेलमध्ये जाता कामा नये. वर्ष १९ की २० यात बायोस गोंधळला तरी लिनक्सचं बिघडत नाही, ७० च्या खालचा आकडा दिसला की कर्नल तो २००० नंतरचाच धरतो. आणि बंद करताना शटडाउन दिल्यावर 'सिस्टिम हॉल्टेड' दिसेपर्यंत थांबा, मग बटण हाताने बंद करा. एटी सप्लाय आहे, आपोआप बंद होणार नाही.