मदत हवी आहे: पहिलीच जाळीची शाल, पण जाळी उघडतच नाही

नमस्कार मंडळी,

मी भुसावळची. दोन सुयांवरचं सुलट-उलट लहानपणापासून येतं. मफलर, कानटोप्या, बाळांचे स्वेटर बरेच झाले. माघात आईची पंच्याहत्तरी आहे, तिच्यासाठी जाळीची शाल करायला घेतली आहे. जाळी मात्र पहिल्यांदाच. (सासूबाईंचा सवाल: "थंडीमा भोके पाडेल शाल काय कामनी?" उत्तर अजून सुचलेलं नाही.)

नमुना लाटांचा आहे, शेटलंड बेटांवरचा जुना. एका लाटेला १८ टाके आणि चार सुया (सुई म्हणजे विणीची एक ओळ). पहिली सुलट, दुसरी उलट. खरी गंमत तिसरीत: तीन वेळा दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणून एक), मग सहा वेळा लोकर पुढे घेऊन (म्हणजे एक टाका वाढतो आणि भोक पडतं) एक सुलट, पुन्हा तीन वेळा दोनाचा एक. चौथी सुई मागच्या बाजूनेही सुलटच, म्हणून आडवी रेघ उठते. सहा टाके घटतात, सहा वाढतात, हिशोब चोख. चार लाटांचे ७२ आणि दोन्ही काठांना तीन-तीन, असे ७८ टाके घालणार आहे. सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिमी.

आधी दोन लाटांचा तुकडा विणून पाहिला. भिजवला, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं आणि गादीवर टाचण्यांनी ताणून लावला. टाचण्या होत्या तोवर काय देखणा दिसत होता! काढल्या आणि संध्याकाळपर्यंत भोकं मिटली, लाटांच्या नुसत्या सुरकुत्या उरल्या. लडीवर 'बेबी वूल' लिहिलंय म्हणून धाग्याचं टोक काडीने पेटवून बघितलं. वितळून काळा, कडक मणी झाला. खरी लोकर केस जळल्यासारखी वासते आणि तिची राख बोटांत चुरते. म्हणजे हे निव्वळ ॲक्रिलिक. जळगावच्या फुले मार्केटमध्येही मला हेच मिळालं. आपल्याकडची थंडी ती केवढी, दुकानदार तरी खरी लोकर कशाला भरेल!

तर, ॲक्रिलिकची जाळी कायमची उघडी ठेवता येते का? की खरी लोकर मागवू? कापसाच्या मुलखात राहून सुतीच करावी, असंही मनात येतंय. आणि तिसऱ्या सुईत टाका सुटला तर उसवायचं कसं? लोकर पुढे घेतलेले टाके पुन्हा सुईवर घेताना सापडतच नाहीत.

प्रतिसाद

ताई, ॲक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, उष्णतेला देतं. ओला तुकडा ताणून टाचा आणि वाफेची इस्त्री बोटभर वर धरून नुसती वाफ द्या. इस्त्री टेकवायची नाही, टेकली की धागा चपटा होऊन चकाकतो. पूर्ण गार झाल्यावरच टाचण्या काढा. जाळी उघडी राहते, पण एकदा वाफ बसली की धागा लुळा पडतो आणि मागे फिरता येत नाही. म्हणून आधी तुकड्यावरच करून बघा. टाचण्या धातूच्याच घ्या, प्लास्टिकच्या डोक्याच्या वितळतात.

सूत माझ्या मते नको. ताणून वाळवलं तर आकार धरतं, पण शाल जड होते आणि स्वतःच्या वजनाने लांबत जाते.

प्रतिसाद

उसवण्याचं सांगते. चौथी सुई झाली की टाके मोजा. बरोबर असतील तर बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून काढा आणि तसाच राहू द्या. पुढे कुठेही बिघडलं तर बेधडक उसवा, उसवण त्या दोऱ्यापाशी थांबते आणि टाके तिथे रांगेत मिळतात. दर १८ टाक्यांनंतर सुईवर दोऱ्याचा सैल फास घाला, म्हणजे चूक कोणत्या लाटेत आहे ते लगेच कळतं. फक्त तो दोरा फासांतून ओवू नका, नाहीतर फास अडकून बसतात.

शेवटी टाके बंद करताना ६ नंबरची, म्हणजे ५ मिमीची जाड सुई घ्या. काठ घट्ट झाला तर लाटा पसरत नाहीत, मग लोकर कितीही चांगली असो.

धागाकर्ती

दोघींचे आभार! वाफ आजच तुकड्यावर देऊन बघते. लोकर मागवायची झाली, तर ७८ टाक्यांच्या दीड मीटर शालीला साधारण किती ग्रॅम धरू?