होडीची बॅटरी एप्रिल ते ऑक्टोबर कशी सांभाळायची? (उजनी बॅकवॉटर, बजेट 3 हजार)

भीमाकाठचा
करमाळ्याच्या बाजूला बॅकवॉटरला 12 फुटी फायबरची होडी आहे, 55 पौंडी ट्रोलिंग मोटर (होडी हळू ढकलणारी, बॅटरीवरची). बॅटरी 12 व्होल्ट 100 एएच (अँपिअर-तास) ट्युब्युलर म्हणजे नळीदार प्लेटांची, बुचं उघडून पाणी घालायची, दुसऱ्या वर्षात. पाखरं गेली, पाणी मागं सरलं की होडी काठावर उलटी पडते ती थेट पावसाळा ओसरेपर्यंत. काठावर पत्र्याची शेड आहे, पण तिथल्या लाइटचा भरवसा नाही. घर जुळे सोलापुरात. बॅटरी शेडमध्येच ठेवू की घरी आणू? चार्जर कुठला घ्यावा? सगळं 3 हजारांत बसवायचंय. नवीन बॅटरी घ्यायची नाही.

कडकभाकरी
लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या, विषय संपला. 100 एएच साधारण अकरा-बारा किलोत येते, एका हाताने उचलायची. पाणी नाही, अ‍ॅसिड नाही. सीझन संपला की अर्धी चार्ज करून, वायरी काढून ठेवायची, सहा महिने बघायला नको. पंचवीस-तीस हजार जातील, पण एकदाच.

भीमाकाठचा
दादा, 3 हजार लिहिलंय ओ वर.

वायरमन_अक्कलकोट_रोड
शेडमध्ये ठेवू नका. बॅटरी नुसती पडून असली तरी आतल्या आत उतरते, आणि दर 10 डिग्रीला हा वेग साधारण दुप्पट होतो. 25 डिग्रीला महिन्याला चार-पाच टक्के जात असेल, तर मे महिन्यात पत्र्याखाली किती जाईल हिशोब करा. उतरलेली तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कुठल्याही चार्जरने निघत नाही. बॅटरी मरते ती वापराने कमी आणि अशी पडून जास्त.

क्रम असा ठेवा. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, म्हणजे पाना चुकून दुसरीकडे टेकला तर ठिणगीचा धोका कमी. बुचं घट्ट लावून वरचा भाग खाण्याच्या सोड्याने धुवा, ग्लासभर पाण्याला एक चमचा. बुडबुडे थांबले की साध्या पाण्याने पुसून कोरडा करा. वरचा ओला मळ पॉझिटिव्हकडून निगेटिव्हकडे करंट नेतो, तोही बॅटरी उतरवतो. सोड्याचा थेंबही सेलमध्ये जाता कामा नये.

मग 10 अँपिअरने चार्ज करा. ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरने मोजतात तो अ‍ॅसिडचा दाटपणा, तासातासाने बघा. लागोपाठ तीन वेळा हलली नाही की फुल. त्यानंतर महिन्यातून एकदा व्होल्टेज बघायचं, 12.3 च्या खाली गेलं की परत चार्जिंगला. 10 अँपिअरचा ऑटोमॅटिक चार्जर आणि काचेचा हायड्रोमीटर तुमच्या पैशांत बसतात.

टेंभुर्णीकर
घरी आणा, पण फरशीवर ठेवू नका. फरशी बॅटरीतला चार्ज ओढून घेते. खाली लाकडी फळी पाहिजेच.

वायरमन_अक्कलकोट_रोड
फरशी काही ओढत नाही. पूर्वी खोकी रबराची असायची, ती झिरपायची. आता प्लास्टिकच्या खोक्यातून करंट जात नाही.

टेंभुर्णीकर
सगळे मेकॅनिक वेडे आहेत का मग? फळी ठेवायला काय जातंय.

वायरमन_अक्कलकोट_रोड
ठेवा. अ‍ॅसिड सांडलं तर फरशीवर डाग पडणार नाही, एवढा फायदा आहेच.

शेंगाचटणी
फळीवरून भांडताय, महत्त्वाचं राहिलं. चार्जिंगला बुचांतून हायड्रोजन निघतो. बंद कपाटात, जिन्याखालच्या कोंदट जागेत किंवा देवघराजवळ ठेवू नका. समई-निरांजन आणि चार्जिंगची बॅटरी एका खोलीत नको. उत्तरेकडची खिडकी असलेली खोली बघा. आणि बुचांची भोकं चिकटपट्टीने बंद करायची नाहीत.

माळढोक_77
एवढी यातायात कशाला? होडीवरच 10 वॅटचं सोलर लावा. ऊन फुकट आहे आपल्याकडे, तेवढंच एक फुकट आहे.

वायरमन_अक्कलकोट_रोड
कंट्रोलरशिवाय (बॅटरी फुल झाली की चार्जिंग आवरणारं यंत्र) अजिबात नको. 10 वॅटचं पॅनेल अर्धा अँपिअर देतं, उन्हात रोज अडीच-तीन एएच. बॅटरी उतरते त्याच्या कितीतरी पट. फुल झालेल्या बॅटरीत सहा महिने तेवढं घातलं तर पाणी उडत राहील, प्लेटा उघड्या पडू शकतात. आणि होडी उलटी आहे त्यांची, पॅनेल लावणार कशाला?

टेंभुर्णीकर
पाण्यावरून आठवलं, एसीचं पाणी घाला, चकटफू.

शेंगाचटणी
एसीच्या कॉइलवरची धूळ आणि धातू त्यात उतरतात. आरओचंही नको, त्यात क्षार राहतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात कंजुषी कसली? पाणी फुल चार्ज झाल्यावर घालायचं. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगला अ‍ॅसिड फुगून बुचातून बाहेर येतं. प्लेटा उघड्या असतील तरच चार्जिंगआधी त्या बुडतील एवढं घाला. अ‍ॅसिड वरून कधीच घालू नका, उडून जातं ते फक्त पाणी.

माळढोक_77
शहराला रोज नळ नाही आणि इथं बॅटरीला कुठलं पाणी पाजायचं यावर चर्चा.

भीमाकाठचा
घरी आणली, धुतली, शेजाऱ्याच्या चार्जरवर रात्रभर लावली. सकाळी काढून चार-पाच तासांनी मीटर 12.48 दाखवतंय. नेटवर सगळीकडे फुल म्हणजे 12.7 लिहिलंय. सेल गेला का?

कडकभाकरी
गेला असणार. म्हणून लिथियम म्हणालो.

शेंगाचटणी
काही गेलेलं नाही. विश्रांतीनंतरचं व्होल्टेज अ‍ॅसिडच्या ग्रॅव्हिटीवर ठरतं. ग्रॅव्हिटीत 0.84 मिळवा आणि सहाने गुणा. आपल्याकडच्या बऱ्याच ट्युब्युलर 1.240 ला फुल असतात, म्हणजे 2.08 गुणिले 6, बरोब्बर 12.48. नेटवरचे आकडे जास्त ग्रॅव्हिटीच्या बॅटऱ्यांचे. 12.7 च्या मागे लागून चार्ज करत राहिलात तर नुसती उकळेल.

हायड्रोमीटर वापराल तेव्हा तापमानही धरा. 27 च्या वर दर 10 डिग्रीला 0.007 मिळवायचे. अ‍ॅसिड 40 डिग्रीला असताना 1.231 दिसलं तरी ते 1.240 च आहे. सहाही सेल तपासा. पाच सारखे आणि एक 0.030 हून जास्त खाली असेल तर त्या सेलकडे संशयाने बघा.

पाणकावळा
होडी परत जोडाल तेव्हा फ्यूजचं बघा. 55 पौंडी मोटर फुल स्पीडला 50 अँपिअर ओढते. 60 चा ब्रेकर, पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात. वायर 16 स्क्वेअर मिमी, तांब्याची. टर्मिनल घासून, लग (वायरच्या टोकाची कडी) आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आवळायच्या आधी आत भरतात लोक, ते चूक.

भीमाकाठचा
सगळ्यांचे आभार, पण चार्जर घेत नाही. घरच्या इन्व्हर्टरची 150 एएचची बॅटरी बाद झालीय, तिच्या जागी हीच लावतो. उन्हाळ्यात लाइट जातेच. बॅटरीही चार्ज राहील आणि 3 हजारही वाचतील.

वायरमन_अक्कलकोट_रोड
नका करू. इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टपर्यंत पिळून काढतो, रोज तेवढी उतरली तर ऑक्टोबरात होडीला काय लावाल?

शेंगाचटणी
करणारच असाल तर निदान एवढं बघा. जुन्या 150 शी समांतर जोडू नका, मेलेली जिवंतीलाही ओढते. इन्व्हर्टरच्या मागचा स्विच ट्युब्युलरवर आणि चार्जिंग करंट नॉर्मलवर, 100 एएचला 10 अँपिअर बास. त्यावर दोन पंखे आणि दिवे, म्हणजे दीडशे वॅटपर्यंतच. निम्मी बॅटरी साधारण तीन तासांत जाते, त्यापुढे इन्व्हर्टर हाताने बंद करा. फ्रिज, मिक्सर नाही. पाणी दर पंधरा दिवसांनी बघा, उन्हाळ्यात चार्जिंगवर ते भराभर उडतं.

भीमाकाठचा
तीन तास पुष्कळ झाले. हायड्रोमीटर मात्र घेतो. सात रस्त्याला मिळेल का?

टेंभुर्णीकर
मिळेल. फळी ठेवा खाली.

कडकभाकरी
त्या इन्व्हर्टरला लिथियम चालते का ते विचारून ठेवा दुकानात.