'आर्थिक स्वातंत्र्य' म्हटलं की तुम्हाला काय कळतं?

ताराराणी: देशोदेशी माणसाला किती मोकळेपणा आहे यावरचा लेख मराठीत करतेय. पर्सनल फ्रीडमला वैयक्तिक स्वातंत्र्य लिहिलं, चाललं. इकॉनॉमिक फ्रीडमला 'आर्थिक स्वातंत्र्य' लिहून आईला वाचायला दिलं तर तिला वाटलं बाईच्या हातात स्वतःचा पैसा असणं. लेखात अर्थ वेगळाय, धंदा काढायला किती परवाने लागतात, मालमत्ता सुरक्षित आहे का, बाहेरून माल आणता येतो का. सिंगापूर यात एकदम वर, पण तिथं मोर्चा काढायला पोलिसांचा परवाना लागतो. दुसरा शब्द सुचवा.

लूमवाला: मुभा. व्यापाराची मुभा. आमच्या वडिलांनी माग टाकला तेव्हा परमिट लागायचं, त्यासाठी किती चकरा मारल्या ते अजून सांगतात.

माणिकचौक: मुभा नको हो. मुभा म्हटलं की देणारा कुणीतरी वर बसलेला असतो. सौदीत जून २०१८ ला बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली, तिथं शब्द चपखल बसतो कारण ज्या बायकांनी ती मागितली होती त्यातल्या काहींना आदल्याच महिन्यात पकडून आत टाकलं होतं. उद्या राजानं काढून घेतली तर?

किल्लाबाग: मुभा अरबी 'मुबाह'वरून आलाय. ज्याची सक्ती नाही आणि मनाईही नाही, ते मुबाह. म्हणजे मुळात देणाऱ्याचा संबंध नाही.

माणिकचौक: मूळ काहीही असो, आज लोक कसं बोलतात ते बघा.

शुद्धमराठी: अरबी कशाला पण? 'अर्थव्यवहारमुक्तता' लिहा.

लूमवाला: नवीपेठेत एका दुकानदाराला हे म्हणून दाखवा.

शेंगाचटणी: ताई, आईचा अर्थ सोडू नका असं मला मनापासून वाटतं. फ्रान्समध्ये १९६५ पर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं काढता येत नव्हतं. तिथं बाजार होता, दुकानं होती, पण कुणासाठी? माझी मावशी दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायचा, दोरा बांधायचा, बोटं पिवळी पडलीत आणि पासबुक काकांच्या कपाटात. तिला कुठला शब्द लावणार?

शुद्धमराठी: तो प्रश्न समाजाचा आहे, शब्दाचा नाही.

शेंगाचटणी: शब्दाचाच आहे.

किल्लाबाग: हाँगकाँगचं पण बघा, व्यापाराला वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर आणि २०२० च्या सुरक्षा कायद्यानंतर बोलायची चोरी. एक टिकतं, दुसरं जातं, म्हणून दोन्हीला स्वातंत्र्य म्हणूच नये.

माणिकचौक: स्वातंत्र्य हा शब्द आपण सोलापूरकरांनी तरी जपून वापरावा. मे १९३० ला पोलीस गाव सोडून गेले तेव्हा ते कुणी दिलं नव्हतं, घेतलं होतं. मग मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना फाशी झाली.

लूमवाला: आजोबा 'चार दिवस स्वातंत्र्य भोगलं' म्हणायचे.

शुद्धमराठी: उपभोगलं. भोगतात ते दुःख.

लूमवाला: भोगलंच म्हणायचे. राज्यपण भोगतातच की.

ताराराणी: लेख उद्या द्यायचाय. 'उद्योग-व्यापाराची मोकळीक' लिहू का?

किल्लाबाग: मोकळीक पोरांना देतात. आणि 'भोगणे' मुळात उपभोगच आहे, संस्कृत भुज् बघा.