मदत हवी आहे: रात्रभर लाईट गेल्यानंतर जुन्या पीसीतल्या दोन हार्डडिस्क गायब

नमस्कार. सेलूला (जि. परभणी) माझं डीटीपीचं दुकान आहे. पीसी जुनाच आहे: जी४१ चिपसेटचा बोर्ड, कोअर टू ड्युओ, विंडोज ७. नवीन घ्या म्हणू नका. श्रीलिपीचं डोंगल आणि जुनं कोरल त्यावर बिनबोभाट चालतं. नव्या मशीनवर फॉन्टचा काय घोळ होतो ते या धंद्यातल्यांना सांगायला नको.

आत तीन साटा (बारीक केबलवाल्या) हार्डडिस्क आहेत. विंडोजची २५० जीबी, डेटाच्या ५०० जीबी आणि १ टीबी. डीव्हीडी रायटर मात्र जुना, रुंद पट्टीवाला आयडीई.

परवा अवकाळी वाऱ्यात पोल पडला, रात्रभर लाईट नव्हती. सकाळी चालू केला तर काळ्या स्क्रीनवर सीएमओएस चेकसम एरर. एफ१ दाबलं, विंडोज उघडलं, पण तारीख २००९ ची दाखवायलीय आणि डी, ई दोन्ही ड्राइव्ह नाहीत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये नाहीत, बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डची सेटिंग स्क्रीन) नाहीत. लग्नसराई चालू आहे आणि पत्रिकांची सगळी जुनी डिझाइनं तिथंच.

केबली काढून परत घट्ट बसवल्या, पॉवरच्या पिना अदलून-बदलून पाहिल्या. हात लावला तर दोन्ही डिस्क फिरायल्यात, टकटक आवाज नाही. विंडोजच्या डिस्कची केबल काढून १ टीबीला लावली तर बायोसमध्ये तिचं नाव लगेच आलं! इथला रिपेअरवाला म्हणतो दोन्ही डिस्क गेल्या, रिकव्हरीला पाठवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन डिस्क एकाच रात्री जातील, हे काही पटंना. काय करावं?

प्रतिसाद १
एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बदलून बघा. आपल्याकडं व्होल्टेजचा काय भरवसा, दुसरं काय असणार.

प्रतिसाद २
डिस्क फिरतात आणि दुसऱ्या केबलवर दिसतात, म्हणजे एसएमपीएसवर खर्च करायची घाई नको. तारीख मागं गेली, तिथंच उत्तर आहे. बोर्डवरचा सीआर २०३२ (बायोसच्या सेटिंग आणि घड्याळ जपणारा गोल) सेल संपलाय. तुम्ही मेन बटण बंद करत नसाल, तर बोर्डला स्टँडबाय करंट मिळत राहतो आणि मेलेला सेल कळतच नाही. रात्रभर लाईट गेली की बायोसच्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात, तोच तो चेकसम एरर.

आता बायोसमध्ये एटीए/आयडीई कॉन्फिगरेशन बघा. तिथं 'कॉम्पॅटिबल' असेल, आणि खाली 'साटा प्रायमरी, पाटा सेकंडरी' असं काही (पाटा म्हणजे आयडीईच). त्या मोडमध्ये जुन्या विंडोजसाठी फक्त चारच डिव्हाइसची जागा असते. दोन जागा आयडीई पट्टीला जातात, साटाचे दोनच पोर्ट उरतात. तुमच्या डेटाच्या दोन्ही डिस्क बाकीच्या, बंद पडलेल्या पोर्टांवर असणार. 'एन्हान्स्ड' करा, चारही पोर्ट उघडतील. सेल आधी बदला, नाहीतर पुढच्या वेळी लाईट गेली की परत हेच.

आणि दुसऱ्या कुठल्या बोर्डवर एएचसीआयचा (साटा डिस्क चालवायचा नवा मोड) पर्याय दिसला, तर आहे त्या विंडोजवर सरळ बदलू नका, निळी स्क्रीन येते. तुमच्या बोर्डवर डिस्कचे पोर्ट सांभाळणारी साधी आयसीएच७ चिप असेल तर तो पर्यायच नसेल. डिस्क दिसल्यावर विंडोजने 'इनिशिअलाइझ' किंवा 'फॉरमॅट' विचारलं तर कॅन्सल.

धागाकर्ता
भाऊ, कॉम्पॅटिबलच होतं! मेन बटणाचंही बरोबर ओळखलंत. सेल घड्याळवाल्याकडं मिळाला. एन्हान्स्ड केल्यावर दोन्ही डिस्क जुन्याच अक्षरांनी आल्या. फक्त ५०० जीबीला क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पिवळं 'कॉशन' दाखवायलंय, पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) आहेत म्हणे. विंडोजचं चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं) चालवू का?

प्रतिसाद २
आत्ता नको. त्यानं डिस्कवर ताण येतो आणि फाइलींची मोडतोडही होऊ शकते. पत्रिकांचं फोल्डर आधी १ टीबीवर घ्या. एखादी फाइल अडकली तर ती सोडून पुढं जा, तिच्याकडं शेवटी बघू.