अनुभव धागा : स्टेटस, डीपी आणि आपण मराठवाड्यातले

आंदोलन असो, पूर असो, पाणीटंचाई असो, आपल्याकडं सगळं आधी मोबाइलवर येतं. त्यानं तुमच्या गावात, घरात काय झालं? बातम्या सगळ्यांना माहीत आहेत, आपापलं सांगा.

गोदाकाठ, जालना
१ सप्टेंबर २०२३ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणात लाठीमार झाला आणि रात्रीपर्यंत व्हिडिओ घराघरात. दुसऱ्या दिवशी गावातून गाड्या भरून निघाल्या, कुणी बोलवायला आलं नव्हतं. ही ताकद मानतोच. पण पुढं हजेरी लागायला लागली: कुणी डीपी बदलला, कुणी नाही. माझा शाळेपासूनचा दोस्त ओबीसी. नोव्हेंबरात अंबडला त्यांची सभा झाली, त्याच्या स्टेटसला ती, माझ्या स्टेटसला आमची. टपरीवर दोघं कटिंग घेत पिकापाण्याचं बोलायचो. भांडण व्हायचं ते ग्रुपवर, तेही तिसऱ्याच कुणाचे व्हिडिओ एकमेकांच्या तोंडावर फेकून. समोरासमोर त्यातलं एक वाक्य बोलायची हिंमत दोघांत नव्हती.

बीडची लेक
त्याच आंदोलनात, २०२३च्या ऑक्टोबरअखेर, आमच्याकडं संचारबंदी, नेट बंद. किराणावाला म्हणे रोकड आणा. अफवांना मात्र नेट लागत नाही, त्या गच्चीवरून गच्चीवर गेल्या.

जुना लातूरकर
एप्रिल २०१६, मिरजेहून पाण्याची रेल्वे. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. फोटो देशभर फिरला. पुण्याच्या भाच्याचा फोन, "मामा, सुटला ना प्रश्न?" अरे, ते शुद्ध होऊन टँकरनं गल्लीत येईस्तोवर आम्ही घागरी घेऊन उभेच! फोटोत रेल्वे आली, रांग नाही आली.

नाव नको
बायोत औरंगाबाद लिहा की संभाजीनगर, लोक लगेच पक्ष आणि धर्म ठरवून मोकळे. मी नुसतं मराठवाडा लिहिते.

सीनाकाठ, परंडा
सप्टेंबर २०२५चा पूर. सोयाबीन कुजलं, गोठ्यातली जनावरं वाहून गेली. ज्या गावातल्या पोरांनी रील टाकली तिथं मदतीच्या गाड्या रांगेनं. आतल्या वस्तीला रेंजच नव्हती, मग टाकणार कोण? आम्ही ट्रॅक्टरनं शिधा आत नेला. माणसांचं कसंबसं भागलं, पण गुरं उपाशी. म्हणून "कपडे नको, कडबा पाठवा" असा मेसेज टाकला, तारखेसकट. कुणीतरी तारीख कापून पुढं ढकलला. दिवाळी होऊन गेली तरी फोन येत होते, "दादा, कडबा कुठं उतरवायचा?"